पंचवीस हात दोर

त्या बेटाचं नाव मला इचारू नका. समदे तेच इचारतात. तलाठी आला की इचारतो, शाळामास्तर इचारतो, परवा तर तहसिलीतला पेशकार घोड्यावरनं उतरून इचारायला आलता. नाव ठावं न्हाई म्हणून काय मी तिथं गेलोच न्हाई? सासूचं नाव आपण घेत न्हाई, म्हणून सासुरवाडीला जेवलो न्हाई का? एक दिवस गेलतो. सकाळी उतरलो अन् दिवस मावळायच्या आत परत आलो. पण त्या एका दिवसानं माझ्या दोराची रीत बदलली. ते सांगायचं हाय. ऐकायचं असलं तर मधी मधी बोलू नका.

मी हरिबा, तलवाड्याचा मांग. दोर वळणं आमचं पिढीजात काम. बैलाची वेसण घ्या, कासरा घ्या, मोटेचा नाडा घ्या, माझ्या हातचा पीळ आंधळ्यानं चाचपून वळखावा. ही बढाई न्हाई, खरं हाय ते सांगतो. केकताडाची पानं कापायची, ठेचायची, धुवायची, आतला पांढरा वाख काढायचा, अन् मग मांडीवर पीळ द्यायचा. माझ्या मांडीवर केस म्हणून न्हाईत, बगा पाहिजे तर.

आमच्या गावात मोहनराव पाटलांचा मळा. मळ्यात मोठी इहीर. दर चैत्रात त्या इहिरीच्या मोटेला नवा नाडा लागायचा, अन् तो आमच्या घरचा. आजा द्यायचा, बाप द्यायचा, मग मी द्यायला लागलो. मी नाडा खांद्यावर टाकून जायचो, बैल चालतात त्या धावेच्या कडेला ठेवायचो, अन् वीस पावलं मागं बाभळीखाली जाऊन उभा राहायचो. मग केसरबाई पाटलीण तांब्याचा गडू घेऊन यायच्या. तुळशीच्या पानानं नाड्यावर पाणी शिंपडायच्या, तोंडातल्या तोंडात काहीबाही म्हणायच्या, अन् तवा कुठं माझा नाडा इहिरीत जायचा. दोर शुद्ध व्हायचा. वळणारा न्हाई. मोट कशाची, तर मेल्या बैलाच्या कातड्याची. ती चालती. तहान लागली तर मी बाभळीखाली ओंजळ धरून बसायचो अन् एखादा गडी वरनं पाणी घालायचा.

मला ते शिंपडणं लई लागायचं. ओंजळीचं इतकं न्हाई, ती अंगवळणी पडलती. पण दोर माझा. त्यात घाण काय होती, की तो धुवून घ्यावा? बापाला एकदा बोललो तर म्हणाला, "दोर वळ, जीभ वळू नको." मग बोललो न्हाई. पण मनातला काटा मनातच राहिला.

आता लढाईचं सांगतो. पाटलांचा धाकटा पोरगा बद्रीनाथ, माझ्याच वयाचा. थोरल्या भावाशी भांडला अन् रागारागानं जालन्याला जाऊन रिसाल्यात नाव लिहून आला. निजामसरकारचे स्वार तवा मिसरला, साहेब इजिप्त म्हणतो तिकडं, चाललते. त्यांच्या घोड्यांना घास कापायला माणसं पाहिजे होती. बद्रीनाथ मला म्हणाला, "चल बे हरिबा, हितं कुणाच्या वेसणी वळत बसतो." मी गेलो. माझी बायको बायनाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई, अन् नवव्या दिवशी मी जहाजात होतो.

मिसरात वाळू अन् वाळू. आमी कालव्याच्या कडेला घोडी सांभाळत बसलो. सरकारी दोर खाऱ्या वाऱ्यानं कुजले, घोडी सुटून पळायला लागली, तवा कुणीतरी सांगितलं की घासवाल्यांत एक मांग हाय. मग काय, घास राहिला बाजूला, अन् मी साऱ्या रिसाल्याच्या आगाडी-पिछाडी वळायला बसलो. घोड्याला पुढनं अन् मागनं बांधायचे ते दोर. गोरा साहेब येऊन दोर ओढून बगायचा अन् मान हलवायचा. मान हलवली म्हणजे चांगलं, हे मला लई दिवसांनी कळलं.

चार सालं मी अन् बद्रीनाथ एका छावणीत होतो. एकदा गोळे पडायला लागले तवा माझा पाय मुरगळला, तर तो मला पाठीवर घेऊन मैलभर पळाला. त्याला ताप आला तवा म्या आठ दिवस त्याचं अंग पुसलं. पण पाणी पाजायला दुसऱ्याला हाक मारायची. त्याच्या कमरेला पितळी गडू बांधलेला असायचा, घरनं आणलेला. त्या गडूला माझं बोट लागलं न्हाई. पाठीवर चालायचं, गडूला न्हाई. त्याचा बी त्यात काय दोष होता म्हणा. माझ्या हातानं जसा पीळ बसला तसा त्याच्या बी मनाला घरनंच बसलता.

लढाई थांबून साल उलटलं, तरी आमाला सोडीनात. मग खेचरं भरून एका जहाजावर चढवलं. ती खेचरं लांब उत्तरेच्या एका बंदरात उतरवली अन् रिकामं जहाज परत निघालं. वाटंत यंत्र बिघडलं. तवा हे बेट आलं. कप्तानानं सांगितलं, दिवसभराचं काम हाय, ज्याला खाली उतरायचं त्यानं उतरावं. दोन भोंगे वाजवीन. पहिला वाजला की निघा, दुसरा वाजला की जहाज थांबणार न्हाई.

मी अन् बद्रीनाथ उतरलो. काय सांगू तुमाला. समुद्रात एक टेकडी बसलेली, अन् भोवतीचं पाणी नीळ कालवल्यागत. टेकडीला पायरीपायरीनं दगडी ताली घातलेल्या, आपल्या डोंगराकडच्या रानाला असतात तशाच, पण शंभर पिढ्यांनी बसून रचल्यासारख्या. वर गाव. दिवाळीला पोतारल्यागत पांढरी घरं अन् समद्यांची दारं निळी. शेरडांच्या गळ्यात घंट्या. वाटंनं काळी टपोरी फळं लागलेली झाडं होती. जांभळं समजून म्या मूठभर तोंडात टाकली. कडुनिंब बरा. बद्रीनाथ पोट धरून हसला. चार सालांत तो तसा हसलेला म्या बगितला नव्हता. मला बी बरं वाटलं. लढाई संपली, हे मला तिथं, तोंड कडू झाल्यावर कळलं.

चढून चढून घसा कोरडा पडला. वर गावाच्या मधोमध एक इहीर दिसली. कातळात खोदलेली, काठाला गोल दगड. भोवती पंधरा-वीस बाया रिकाम्या घागरी-मडकी घेऊन उभ्या, अन् मधी एक काळे कपडे घातलेली म्हातारी. तिच्या हातात तुटका दोर. दोर तुटला की माणसाचं तोंड कसं होतं ते मला वळखू येतं, मग ते माणूस कुठल्या बी मुलखातलं असो. दोर म्हणजे काय, नुसत्या गाठी होत्या, चिंधी घ्या, सुतळी घ्या, जुना कासरा घ्या. लढाईत त्यांच्याकडं बी काही माल येत नसणार. आपल्यात म्हणतात, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार. तिथं आडात भरपूर होतं, पोहराच तळाला जाऊन बसलता. एक बाई दोन मडकी गाढवावर घालून खालच्या झऱ्याकडं निघाली, तर म्हातारी डोळे पुसायला लागली. तिच्याच हातनं तुटलता वाटतं.

बद्रीनाथ म्हणाला, "चल, खाली झरा हाय म्हणजे तिकडंच पिऊ."

मी निघालोच होतो. अन् इहिरीच्या मागच्या तालीवर नजर गेली. तिथं केकताड उभं. एक न्हाई, दोन न्हाई, सगळा बांधच्या बांध केकताडाचा. निळसर पानं, टोकाला काटे, मधनं वर गेलेला दांडा. परमुलखात मामाच्या गावचा माणूस भेटावा तसं झालं मला. बुडाला वर्षानुवर्षांची वाळकी पानं लोंबत होती, त्यांचा वाख आपसूक सुटलेला. कुणी हात लावलेला न्हाई. अरे, सोनं उशाशी अन् ही माणसं चिंध्यांना गाठी मारत बसलती.

म्या म्हातारीला खुणेनं सांगितलं, थांब. तिला काय कळलं देव जाणे. म्या चाकू काढला अन् वाळक्या पानांना हात घातला.

"येडा झाला का बे?" बद्रीनाथ म्हणाला. "दिवस डोक्यावर आलाय. पहिला भोंगा वाजला तर?"

"वाजला तर निघू."

"दोर अर्धा राहिला तर?"

"माझा दोर अर्धा राहत न्हाई. तू दगड घे अन् ठेच."

पाटलाच्या पोराला म्या 'ठेच' म्हणालो. त्याला बी नवल वाटलं, मला बी. पण त्यानं दगड घेतला. बाया बगत होत्या, दोघी-तिघी हसल्या, मग त्यांना बी कळलं अन् त्या बी दगड घेऊन बसल्या. वाळका वाख पुरंना, तवा हिरवी पानं बी कापली, ठेचून चाकूच्या पाठीनं खरवडली. हिरव्या पानाचा रस लई वाईट, अंगाला लागला की खाज सुटते. बद्रीनाथ कोपरापर्यंत हिरवा झाला अन् खाजवून खाजवून शिव्या द्यायला लागला. मराठीत दिल्या, मग हैदराबादी उर्दूत दिल्या. बाया समजून घेतल्यागत माना हलवत होत्या.

वाख जमला तवा पीळ द्यायला बसलो. मी मांडीवर पदर वळायचा अन् बद्रीनाथनं दुसरं टोक धरून मागं मागं सरकायचं. हे काम दिसतं तसं सोपं न्हाई. टोक धरणाऱ्यानं जरा ढिलाई केली की घातलेला पीळ उलटा फिरतो अन् समदी मेहनत पाण्यात जाते. तो दोनदा ढिला पडला. तिसऱ्यांदा म्या वरडलो, "धर म्हणतो न्हवं, हात गळाले का?" त्यानं गुमान धरलं. तीन पदर वळले, मग तिन्ही एकत्र करून उलटा पीळ दिला. हातानं मोजला. पंचवीस हात भरला. ओढून बगितला, दोघांनी दोन टोकांना लोंबकळून बगितला. करकरला सुद्धा न्हाई. तशा ओल्या-सुक्या वाखाचा, तेवढ्या वेळात, तसा दोर दुसऱ्या कुणी वळून दाखवावा. अजून सांगतो, दाखवावा.

म्या दुसऱ्या एका पोहऱ्याला दोराची गाठ मारली, दोर काठावर ठेवला, अन् काय केलं असंल? वळलो अन् वीस पावलं मागं जाऊन एका झाडाखाली उभा राहिलो.

कुणी सांगितलं नव्हतं. पायच गेले. दोर दिला की मागं व्हायचं, हे पायांना ठावं होतं.

समद्या बाया माझ्याकडं बगायला लागल्या. म्हातारीला वाटलं असंल, ह्याचं काही चुकलं, हा रुसला. ती तुरुतुरु आली, माझं मनगट धरलं अन् ओढत इहिरीवर घेऊन गेली. दोर माझ्या हातात दिला अन् इहिरीकडं बोट केलं. तूच काढ म्हणाली. भाषा कळायची गरज न्हाई, इतकं साफ बोलली.

मी बत्तीस वर्षांचा होतो. नाडे किती वळले त्याला गणती न्हाई. पण माझ्या दोरानं पाणी वर येतं तवा हाताला कसं लागतं, ते मला ठावं नव्हतं. पोहरा खाली बुडाला, दोर ताणला गेला, अन् पाण्याचं वजन माझ्या हातात आलं. म्या ओढला. काठावर पोहरा आला तवा पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. गार. माझ्या डोळ्याला पाणी आलं म्हणतील लोक, म्हणू द्या. आलं.

अन् एवढं होऊन बी मी पुन्हा मागं झालो, उकिडवा बसलो अन् ओंजळ धरली. तहान लागली की ओंजळ धरायची, दुसरं शिकलोच कुठं होतो.

म्हातारीनं माझी ओंजळ बगितली. रसानं हिरवी-काळी झालेली, खाजवून लाल झालेली. तिला वाटलं, ह्याला हात धुवायचेत. तिच्या मुलखात ओंजळ धरून पाणी कुणी पीत नसणार, ते तिला सुचावं तरी कसं? तिनं सुनेला हाक मारली, साबणाचा हिरवा तुकडा आणवला, माझ्या ओंजळीवर पाणी घातलं अन् माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेऊन चोळायला बसली. मी पाणी तोंडाला न्यायला बगायचो, ती हात खाली ओढायची अन् पुटपुटायची, आधी धू म्हणून. बोटं धुतली, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. माझ्या आईनं बी लहानपणी धुतले असतील तेवढेच. मग पदरासारखं फडकं होतं तिच्या कमरेला, त्यानं पुसले. अन् मग मातीचा चंबू भरून माझ्या हातात दिला.

मला कळंना. चंबू वर धरून वरनं धार घेऊ लागलो, तर ती हसली अन् चंबू माझ्या ओठाला लावला. मी प्यालो. ओठ लावून, सावकाश, पोटभर. कुणी घाई केली न्हाई.

मग तिनं तोच चंबू घेतला, न धुता पुन्हा भरला अन् बद्रीनाथपुढं धरला.

मी त्याच्याकडं बगितलं न्हाई, पण बगितलं. त्याच्या कमरेला गडू होता. त्यानं गडूवर हात ठेवला. नुसता सोडायचा अन् पुढं करायचा, म्हातारीनं त्यात ओतलं असतं, कुणाला राग आला नसता. त्यानं माझ्याकडं बगितलं, चंबूकडं बगितलं. मग गडूवरचा हात काढला, चंबू घेतला अन् ओठ लावून प्याला.

तेवढ्यात पहिला भोंगा वाजला. आमी पळत सुटलो. मागनं बाया काहीतरी वरडत होत्या, कुणी माझ्या खिशात अंजिरं कोंबली. धडपडत खाली आलो अन् शेवटच्या होडीत बसलो. होडी जहाजाला लागली तवा दुसरा भोंगा वाजला.

होडीत बद्रीनाथ म्हणाला, "लई तहान लागलती."

म्या म्हणालो, "व्हय."

"हरिबा, गावात बोलू नको."

"मी कावून बोलू?"

अन् म्या बोललो न्हाई. बायनाबाईला सुद्धा न्हाई. बेटाचं सांगितलं, कडू जांभळांचं सांगितलं, म्हातारीनं हात धुतले ते सांगितलं. चंबू पुढं कुणाकडं गेला ते न्हाई सांगितलं. दिलेला शब्द अन् दिलेला पीळ, सैल पडला तर काय कामाचा.

गावाकडं आलो अन् पहिलाच चैत्र लागला. नवा नाडा वळला, खांद्यावर टाकला अन् मळ्यात गेलो. मोहनराव पाटील होते, बद्रीनाथ होता. केसरबाई गडू अन् तुळशीचं पान घेऊन आल्या. म्या नाडा खांद्यावरनं काढला न्हाई.

"पाटलीणबाई," म्या म्हणालो, "शिंपडायचं असंल तर नाडा परत नेतो."

त्यांना आधी कळलंच न्हाई. मोहनराव म्हणाले, "काय बे, मिसरला जाऊन डोक्यात वारं भरलं का?"

"न्हाई मालक. माझे हात धुतलेले हायेत. दोर कोरडा न्यायचा असंल तर न्या. भिजवून न्यायचा असंल तर दुसऱ्याचा बगा."

केसरबाई म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणतात, ते काय खोटं न्हाई."

"पीळ गेला तर तो दोर कशाचा, बाई?"

बद्रीनाथ खाली मान घालून मातीत अंगठ्यानं रेघा मारत होता. मी तवा एक शब्द टाकला असता तर त्याचं तोंड काळं झालं असतं. न्हाई टाकला. माझी बाजू माझ्या दोरावर उभी होती, त्याच्या चोरीवर न्हाई. नाडा घेऊन घरी आलो.

बायनाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "गावानं बलुत्याचं धान्य बंद केलं तर पोरांना काय दोर चारणार हाय?" ती खरंच बोलत होती. आमच्या मांगांच्या तीन घरांचं पोट गावच्या बलुत्यावर. पण संध्याकाळी तीच उठली अन् बाकीच्या दोन घरी जाऊन सांगून आली, पाटलाच्या मळ्याला कुणी नाडा द्यायचा न्हाई. माझ्याशी मात्र तशीच फुगून बसली.

पाटलांनी बाजारातनं नाडा आणवला. पाचव्या दिवशी तो चाकावर झिजून तुटला अन् भरली मोट तळाला गेली. गड्यांनी गळ टाकून मोट काढली, पण तिला लावायला दोर न्हाई. चैत्राचं ऊन. दोन बिघे मिरची माना टाकायला लागली. नवव्या दिवशी निरोप आला, हरिबा, नाडा घेऊन ये.

मी गेलो. सगळं घर इहिरीवर होतं. केसरबाईंच्या हातात गडू होताच, पण आवाज खाली आलता. त्या म्हणाल्या, "हरिबा, दोनच थेंब. माझ्या सासूनं शिंपडलं, तिच्या सासूनं शिंपडलं. मीच कशी सोडू? दोन थेंबांनी तुझा बी मान राहील अन् माझा बी."

खरं सांगतो, मी डगमगलो. बाई वाईट न्हवती. माझ्या बाळंतिणीला तिनं दोनदा तूप धाडलं होतं. समोर मिरची वाळत होती, घरी कणगी तळाला गेलती. दोन थेंब, त्यात काय. अन् मग मला माझे हात दिसले. त्या म्हातारीनं नखांपासनं धुतलेले. तिनं धुतले ते हिरवा रस लागला म्हणून. मांग म्हणून न्हाई.

"न्हाई बाई," म्या म्हणालो. "एक बी थेंब न्हाई." अन् नाडा खांद्यावर सारखा करून वळलो.

"आई," मागनं बद्रीनाथ बोलला. "म्या ह्याच्या उष्ट्या भांड्यातनं पाणी प्यालोय."

मोहनराव हळू आवाजात म्हणाले, "लढाईत असतं तसं. जीव चाललेला असला की माणूस काय करंल. त्याला इलाज न्हाई."

बापानं वाट काढून दिलती. त्यानं नुसतं व्हय म्हणायचं होतं. होडीत माझ्याशी तो तेच बोललता, लई तहान लागलती म्हणून.

"जीव बीव चालला नव्हता," बद्रीनाथ म्हणाला. "खाली झरा होता. कमरेला आपला गडू होता. हा प्याला, ते भांडं माझ्यापुढं आलं अन् म्या तोंड लावून प्यालो. ह्याला बोलू नको म्हणालो, तर हा आजपर्यंत बोलला न्हाई. नऊ दिवस बलुतं जायची वेळ आली तरी न्हाई. आता शिंपडायचंच असंल तर आधी माझ्यावर शिंपड."

केसरबाईंनी लेकाकडं बगितलं. मग खाली वाकल्या अन् गडूतलं पाणी जवळच्या मिरचीच्या बुडाशी ओतलं. "हिला तरी होईल," म्हणाल्या अन् घराकडं गेल्या. मागं वळून बगितलं न्हाई. त्या पुढं दोन महिने माझ्याशी बोलल्या न्हाईत, पण गडू घेऊन पुन्हा कधी इहिरीवर आल्या न्हाईत.

नाडा म्या स्वतः मोटेला बांधला. बैल धावेवर गेले, चाक करकरलं, अन् कोरडा नाडा, माझ्या घरनं निघाला तसाच, इहिरीत उतरला. मोट भरून आली, पाणी पाटानं धावलं. मिरचीच्या वाफ्यात शिरताना मातीनं कसा सुस्कारा टाकला ते माझ्या कानांनी ऐकलं. तो नाडा तीन उन्हाळे गेला. तेव्हापासनं तलवाड्यात आमच्या दोरावर कुणी पाणी शिंपडत न्हाई. इचारा कुणाला बी.

पण एक राहिलंच. मोट चालू झाली अन् बगतो तर मी पुन्हा बाभळीखाली. पायांना काय म्हणावं. तहान बी लागलती. समोरनं बद्रीनाथ पाटातनं गडू भरून घेऊन आला, तोच पितळी गडू. तो जवळ आला अन् माझे हात आपसूक वर आले, ओंजळ झाली.

त्यानं माझी ओंजळ बगितली. मग म्हणाला, "हात धुवायचेत का बे?"

म्या ओंजळ मोडली अन् गडू हातात घेतला. चार सालं बगत आलतो, पण त्याला बुडाशी पोचा पडलाय हे मला हातात घेतल्यावर कळलं.